खरीप मांडणी, रब्बी मांडणी

फळीचं काम साधं असतं. वस्तू जमिनीवरून उचलायची, भिंतीपाशी ठेवायची, आणि लागेल तेव्हा ती हाताला लागली पाहिजे. ही शेवटची अट ज्याला समजत नाही त्याने फळ्या लावण्याच्या भानगडीत पडू नये. लाखांदूरला ज्यांच्या घरात मी भाड्याने राहिले ते गृहस्थ या भानगडीत गळ्यापर्यंत बुडालेले होते. त्यांच्याकडे ओळंबा होता, पाणसळ होती, पोलादी टेप होती, लहानमोठी गिरमिटं होती. अट तेवढी समजलेली नव्हती.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी तिथल्या सरकारी दवाखान्यात औषधं देण्याच्या खिडकीवर होते आणि गावात मला सगळे 'औषधवाल्या बाई' म्हणत. घरमालक कालव्यावर ओव्हरसियर होते, नुकतेच निवृत्त झालेले. नोकरी संपली तरी गाव त्यांना ओव्हरसियर साहेबच म्हणे. त्यांची बायकोही त्यांना 'साहेब'च म्हणे, पण तिच्या तोंडी तो शब्द जरा तिरका पडे. तिला मी काकू म्हणत असे.

पहिल्या दिवशी मी एस.टी.तून ट्रंक आणि वळकटी घेऊन उतरले तेव्हा हे दारातच उभे होते. बांबूसारखे उंच, सडसडीत, सदऱ्याच्या खिशात टेप. 'या' नाही, 'बसा' नाही, पाणीही नाही.

"बाई, तुमची सगळ्यात उंच वस्तू कोनती?"

"म्हणजे?"

"म्हंजे उभी ठेवाची वस्तू. बरनी, बाटली, आरसा."

मी म्हटलं, "छत्री."

"छत्री आडवी ठेवता येते. छत्री धरत नाही," असं म्हणून ते माझ्या ट्रंकेकडे असे पाहू लागले, जणू ती उघडून त्यांनाच माप घ्यायचं आहे. तेवढ्यात आतून काकू पाण्याचा लोटा घेऊन आल्या. बुटक्या, गोल, कमरेवर एक हात. "आधी बाईले पानी तं पिऊ द्या जी. फळी काही पळून नाही जाऊन राह्यली."

दुसऱ्या दिवशी माझ्या खोलीत फळ्या लागल्या. त्या कशा असत ते सांगते, कारण तेव्हा आमच्या भागात त्या कुणी पाहिलेल्या नव्हत्या. भिंतीवर दोन उभ्या लोखंडी पट्ट्या. पट्ट्यांना वरपासून खालपर्यंत ओळीने भोकं. भोकात अडकवायचे आकडेवाले ब्रॅकेट, आणि दोन ब्रॅकेटवर आडवी फळी. ब्रॅकेट उचलून दुसऱ्या भोकात अडकवलं की फळी वर किंवा खाली. नागपूरला कुठल्याशा कचेरीत त्यांनी हे पाहिलं होतं आणि परत येऊन लोहाराकडून डझनावारी पट्ट्या करून घेतल्या होत्या. माझ्यासमोर त्यांनी एक फळी वर केली, खाली केली, परत वर केली. चेहरा असा की बैलजोडी पळवून दाखवतायत.

"आता तुमच्या मनात आलं का फळी वर. मनात आलं का खाली."

"माझ्या मनात असं काही येत नाही," मी म्हटलं.

"येईन. सोय असली का येते."

आलं खरं. माझा हात वरच्या फळीला पोचत नव्हता, म्हणून मी ती दोन भोकं खाली घेतली. संध्याकाळी दवाखान्यातून येते तर हे खिडकीबाहेर उभे.

"बाई, फळी खाली केली?"

"हो."

"काहून?"

"हात पोचत नव्हता."

"मंग मले सांगाचं ना. तुमी कायले हात लावता?"

तेव्हा मला या माणसाचं मर्म कळलं. फळी हलती होती. हलवणारा एकच होता. मी सरळ सांगितलं, की भाडं मी देते, या खोलीतल्या फळ्या मी हलवीन. पुढे कितीतरी दिवस ते माझ्या खिडकीवरून जाताना त्या फळीकडे असे पाहत, की कुणीतरी रात्रीतून बांध फोडला आहे.

बांध फोडण्याचं उगाच नाही म्हणत. नोकरीभर या माणसाने कालव्याचे दरवाजे वर-खाली केले होते. धान पोटरीवर आलं आणि पाऊस ओढला, की शेतकरी यांच्या दारात येऊन बसत. "साहेब, एक वीत उचला जी. बांधी भेगाळून राह्यली." साहेब डायरी काढत, पाण्याची पाळी कुणाची ते पाहत, आकाशाकडे पाहत, आणि मग उचलत किंवा उचलत नसत. निवृत्तीनंतर दारात कुणी येईना. उचलायला हातात फळ्या तेवढ्या उरल्या, आणि पाळीची वाट पाहायला एकटी बायको. काही माणसांचा अधिकार जातो आणि खोड राहते. यांची खोड घरात शिरली आणि भिंतीवर चढून बसली.

भिंतींबद्दलही सांगायला हवं. घर मातीचं, वरून चुन्याचा हात. मातीच्या भिंतीत स्क्रू धरत नाही हे त्या गावात शेंबड्या पोराला माहीत होतं. साहेबांनी सागवानाच्या गुट्ट्या ठोकल्या. त्या पट्ट्यांसकट बाहेर आल्या. मग त्यांनी लांब बोल्ट आणून भिंतीतून आरपार घातले. स्वयंपाकघर आणि माझी खोली यांच्यामध्ये एकच भिंत. त्यामुळे स्वयंपाकघरातल्या फळ्यांच्या बोल्टांची टोकं माझ्या पलंगाच्या उशाशी रांगेने बाहेर आली. मी व्यवहारी बाई. एका टोकाला पिशवी अडकवली, एकाला टॉवेल, एकाला दवाखान्याच्या किल्ल्या. दोनच दिवसांत साहेब आले.

"बाई, पिशवी काढा. त्याचा भार पलीकडच्या हिशोबात नाही."

"पिशवीत मोसंबी आहेत."

"मोसंबीचाही नाही."

'अंदाज गरिबाचा, माप सरकारचं,' हे त्यांचं आवडतं वाक्य. अंदाजाने काही करणाऱ्या माणसाची त्यांना कीव येई. लग्नाला गेले तर मांडवाची उंची मापत. एस.टी.त बसले तर सामानाच्या जाळीखाली टेप धरत आणि कंडक्टरला सांगत की ही चार बोटं वर पाहिजे होती. गोसीखुर्दला मोठं धरण होणार अशी बातमी आली तेव्हा त्यांनी जुना खाकी कोट धुऊन इस्त्री करून ठेवला. दरवाज्यांसाठी अनुभवी माणूस लागेल, सरकार आपल्याला बोलावील, अशी त्यांची खात्री होती. सरकारने बोलावलं नाही. कोट मात्र आडव्या दांडीवर वर्षानुवर्षं तयार होता, आणि ती दांडीही वर-खाली होत असे.

स्वयंपाकघरात त्यांनी दोन मांडण्या ठरवल्या होत्या. खरीप मांडणी आणि रब्बी मांडणी. पोळा झाला की खरीप. त्यात तांदळाच्या मोठ्या डब्यांसाठी फळ्यांमध्ये जास्त अंतर. होळी झाली की रब्बी. त्यात लाखोरीची डाळ, जवस, मिरची, वर्षाचं लोणचं यांच्यासाठी फळ्या जवळजवळ. मांडणी बदलायच्या दिवशी सगळं स्वयंपाकघर ओसरीवर येई. भंडाऱ्याची पितळी गुंडं, डबे, बरण्या, परात, सगळं. काकू मधोमध बसून कशाततरी काहीतरी शिजवीत आणि शेजारच्या बाया मुद्दाम काही मागायला येत.

"काय वो, घर सोडून चालले का?"

"नाही बाई. घर तेच हाय. मीठ तेवढं नव्या गावाले चाललं."

डब्यांवर साहेबांनी नावं न घालता रंगाने आकडे घातले होते, कारण नाव बदललं तर रंग खरवडावा लागतो, आकडा कायम. मांडणी बदलली की आकड्यांच्या जागाही बदलत. काकूंना आकडे वाचता येत, पण मांडणी लक्षात ठेवण्याची त्यांना इच्छा नव्हती. त्या डबा हलवून आवाजावरून ओळखत. एकदा होळीच्या दुसऱ्या दिवशी मला चहात सोडा मिळाला. काकूंनी आपला पहिला घोट थुंकला आणि त्या म्हणाल्या, "साहेबाचा नवा कालवा खारट निंगाला."

एकदा साहेबांचे एक जुने सोबती पवनीहून आले, तेही कालव्यावरचेच. पांढरंशुभ्र धोतर, डोक्याला तेल. जेवणं झाली. साहेबांना चैन पडेना. त्यांनी पाहुण्याला स्वयंपाकघरात नेलं, पाटावर बसवलं आणि सांगितलं, की यातली खरी करामत फळी रिकामी असताना कळत नाही. भरल्या फळीला हलवता आलं पाहिजे, जसा पाण्याचा दाब असताना दरवाजा उचलता आला पाहिजे. काकू म्हणाल्या, "नका जी, वर लोनचं हाय." साहेबांनी हात वर करून त्यांना गप्प केलं. एका हाताने एक ब्रॅकेट उचललं. दुसऱ्या टोकाचं ब्रॅकेट अर्थातच जिथल्या तिथे होतं. फळी कलली, पितळी गुंड ठणठणत खाली आलं, आणि लोणच्याची बरणी पाहुण्याच्या मांडीवर.

तेल धोतरातून खाली ओघळत असताना तो पाहुणा ओरडला, "साहेब, गेट बंद करा जी! वावर बुडालं माहं!"

काकू पदरात तोंड घालून हसल्या. मी बाहेर जाऊन हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी कललेली फळी परत बसवली, खिशातून पाणसळ काढून तिच्यावर ठेवली, बुडबुडा पाहिला आणि निकाल दिला, "फळी बरोबर हाय. बरनीचाच तोल चुकला."

इथवरचं सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. एखाद्याला पतंगाचा नाद असतो, एखाद्याला कोंबड्यांच्या झुंजीचा. पण या नादाची किंमत दुसरंच माणूस मोजत होतं, आणि ते मला दवाखान्याच्या खिडकीतून दिसत होतं.

साहेबांचा नियम असा, की रोजच्या वस्तू नजरेसमोर पाहिजेत. त्यासाठी त्यांनी स्वयंपाकघराच्या भिंतीवर पेन्सिलीने एक आडवी रेघ मारली होती. 'नजरेची रेघ.' मीठ, हळद, तिखट, तेल, जिरं या रेघेवर. रेघ कुणाच्या नजरेची? त्यांच्या स्वतःच्या. उभं राहून घेतलेली. घरातल्या प्रत्येक डब्याचं माप घेतलेल्या या माणसाने बायकोचं माप कधी घेतलं नव्हतं. काकू त्यांच्या खांद्यालाही लागत नव्हत्या. आणि त्याहून मोठी गंमत म्हणजे त्या घरात उभं राहून कुणी स्वयंपाक करतच नव्हतं. चूल जमिनीवर. काकू पाटावर बसून सगळं करीत, जसं त्यांच्या आईने केलं, सासूने केलं. बसलेल्या बाईच्या हाताशी काहीही नव्हतं. चिमूटभर मिठासाठी उठायचं, पालथ्या डब्यावर चढायचं, मीठ घ्यायचं, उतरायचं, बसायचं. मग हळद. मग तिखट. पूर्वी हे सगळं चुलीच्या बाजूला गाडग्यांत असे. साहेबांनी ती गाडगी 'अडगळ' म्हणून गोठ्यात टाकली होती.

काकूंची कंबर धरली. दवाखान्यात आल्या तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, उठबस कमी करा. काकूंनी मान हलवली, कागद घेऊन माझ्या खिडकीवर आल्या, मी गोळ्या दिल्या. परत आल्या, परत दिल्या. दुखणं भिंतीला बोल्ट मारून लावलेलं, आणि मी कागदाच्या पुडीतून गोळ्या देत होते. माझ्या कामाची मला इतकी लाज कधी वाटली नाही.

एका रविवारी दुपारी मी खोलीत कपड्यांना इस्त्री करत होते. पलीकडे काहीतरी आदळलं आणि माझ्या उशाचे बोल्ट थरथरले. मी धावले. काकू चुलीपाशी आडव्या पडलेल्या. पालथा डबा एकीकडे, हळदीचा डबा दुसरीकडे, आणि हळद सगळी त्यांच्या तोंडावर, केसांत, लुगड्यावर. हाताला चुलीच्या कडेचा चटका बसला होता. मी त्यांना बसतं केलं. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या हसत होत्या.

"पाहा बाई, हळद लागली. आता लगीन लावा माहं पुन्हा. नवरा बुटका पाह्यजा फक्त."

हाड मोडलं नव्हतं. पण डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की या वयात, या कमरेने, पुन्हा पडल्या तर खुबा मोडेल आणि मग उठणं नाही. काकूंना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांची सासू तशीच पडली होती आणि तिचं सगळं अंथरुणातच काकूंनी केलं होतं. त्या रात्रीपासून त्यांचं हसणं कमी झालं. मला म्हणाल्या, "बाई, मी मरनाले नाही भेत. मी पडून राह्याले भेतो. माह्यं कोन करन? पोरगी तिकडं रायपूरले. साहेब करतीन का? साहेब माह्यी खाट वर-खाली करतीन."

मी साहेबांकडे गेले. ओसरीवर बसून पट्टीला गंज लागू नये म्हणून तेल लावत होते.

"साहेब, रोजच्या डब्यांची फळी खाली घ्या. काकूंना बसून हात पोचेल अशी."

"हे कसं होईन? नजरेची रेघ हाय थे."

"ती तुमच्या नजरेची आहे."

"नजर नजर असते. माह्यी काय अन् तिची काय." मग जरा दमाने, "बाई, फळी खाली आली तं मले वाकावं लागन."

"तुम्ही मीठ काढायला कधी जाता?"

"काढाले नाही जात. तपासाले जातो."

खरंच जात. रोज सकाळी अंघोळीनंतर स्वयंपाकघरात उभे राहून आकडे तपासत. बायको तिथेच खाली बसलेली असे. तिच्या डोक्यावरून यांची नजर जाई.

"एका मान्सासाठी मांडनी बदलली तं थे मांडनी कायची?" त्यांनी मलाच विचारलं. बदलण्यासाठीच जिचा जन्म झाला त्या मांडणीबद्दल हा प्रश्न. मी त्यांना तसं म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. पण विषय त्यांच्या डोक्यात राहिला असावा, कारण चार-आठ दिवसांनी त्यांनी एक स्टूल बनवलं. उरलेल्या भोकाच्या पट्ट्यांचे पाय, वर फळीचा तुकडा, उंची पाहिजे तशी बदलता येणारं. फळी बायकोपर्यंत आणायच्या ऐवजी यांनी बायकोला फळीपर्यंत चढवायचं ठरवलं, आणि तिची उंची बदलायची सोयही करून दिली.

काकूंनी ते स्टूल सगळीकडून पाहिलं. "यावर मी नाही चढत जी. यावर तुमचा कोट ठेवा. सरकारचं बोलावनं आलं का चढून घालान." स्टूल गोठ्यात गेलं.

मी काकूंना विचारलं, "तुम्हीच का नाही घेत खाली? ब्रॅकेट उचलून अडकवायचं तर आहे."

"घेतली होती जी एक डाव. तुमी याच्या पयले. सांजेले आले, पाह्यलं, पुन्हा वर. अन् आठ दिवस बोलनं बंद. पाळी नसतानी गेट उघडलं ना मी." मग शेण लावलेल्या जमिनीवर बोटाने रेघ ओढत म्हणाल्या, "खाली करनं सोपं हाय. खाली ठेवनं कठीन हाय."

त्या वर्षी दसऱ्याला त्यांच्या घरी देव येणार होते. साहेब मिळून चार भाऊ, आणि घराण्याचे देव एकच. पितळी मूर्ती आणि चांदीचे टाक. देव दर दसऱ्याला एका भावाकडून दुसऱ्याकडे जात आणि वर्षभर तिथे राहत. त्या घरची सून देव ओटीत घेऊन घरात शिरे आणि जिथे बसवी तिथेच ते पुढच्या दसऱ्यापर्यंत बसत. मधे कुणी हात लावायचा नाही. हलवायचेच झाले तर चारी घरचे भाऊबंद बोलवायचे, जेवण घालायचं, क्षमा मागायची. साहेबांनी देवांसाठी ओसरीत खास फळी तयार केली होती. नवं सागवान, नव्या पट्ट्या, वर छोटा दिवा. पाहुण्यांना आल्याबरोबर दिसेल अशी, आणि अर्थातच नजरेच्या रेघेवर.

दसऱ्याच्या सकाळी साहेब थोरल्या भावाला आणायला एस.टी. स्टँडवर गेले. देव येणार म्हणून काकूंनी स्वयंपाकघरातल्या फळ्या उतरवून विहिरीवर धुतल्या होत्या. भिंतीवर नुसत्या पट्ट्या उरल्या होत्या. काकूंनी मला हाक मारली. पाटावर बसल्या, हात सरळ वर केला आणि म्हणाल्या, "बाई, माह्या बोटाच्या खालचं भोक पाहा बरं. तेथं लावा."

मी त्यांच्या बोटाखालच्या भोकात ब्रॅकेटं अडकवली. फळी ठेवली. त्यांनी बसल्या बसल्या हात फिरवून पाहिला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बाकीच्या फळ्या आम्ही साहेबांच्या हिशोबाने होत्या तिथे लावल्या.

पाहुणे आले. थोरले भाऊ, थोरली जाऊ, मधल्यांचा मुलगा, आणि जावेच्या मांडीवर फडक्यात बांधलेले देव. ओसरीत गडबड. साहेबांनी बसायच्या आधीच दिवा लावून दाखवला. "दादा, हे पाहा. पुढच्या साली देव दुसऱ्याकडं गेले का हेच फळी खाली करून रेडिओ ठेवता येते." थोरल्या भावाला देवाच्या जागी रेडिओ हे ऐकून घाम आला असावा; त्यांनी टोपी काढून वारा घेतला.

तेवढ्यात काकू नवं लुगडं नेसून, ओल्या केसांनी आल्या. जावेने देव त्यांच्या ओटीत घातले. मग सगळे गप्प, कारण देव बसेपर्यंत बोलायचं नाही असा त्यांचा रिवाज. काकू ओसरीतून चालू लागल्या. कंबर धरलेली असल्याने एका अंगाने लचकत. साहेब नव्या फळीपाशी बाजूला सरून हात दाखवत उभे राहिले. काकू त्यांच्यासमोरून, फळीसमोरून, दिव्यासमोरून गेल्या, उंबरा ओलांडून स्वयंपाकघरात शिरल्या. साहेबांचं तोंड उघडलं. थोरल्या भावाने डोळे वटारले. तोंड मिटलं.

आत काकू पाटावर बसल्या, आणि देव एकेक करून खालच्या फळीवर मांडले, उजव्या टोकाला. हळदकुंकू वाहिलं. मग फळीच्या दुसऱ्या टोकाला मीठ ठेवलं, हळद ठेवली, तिखट, जिरं, तेल. मधे वीतभर जागा सोडली. हात जोडले.

देव बसले.

सगळे आत आले. थोरल्या जावेने वाकून पाहिलं आणि समाधानाने म्हणाली, "बरी जागा पाह्यली वो बाई. माह्या सासूनंबी चुलीपाशीच बसवले होते."

साहेबांचा हात आपोआप खिशात गेला आणि टेप बाहेर आली.

थोरले भाऊ म्हणाले, "काय गा? आता देवाले मापतं का तू?"

सगळे हसले. ओव्हरसियर साहेबांना एवढं मोठ्याने, एवढ्या जणांनी, त्यांच्याच घरात हसलेलं मी प्रथमच पाहत होते, आणि मला ते फार आवडलं. टेप खिशात गेली. नमस्कार तर करायला हवा. फळी खाली, म्हणून त्यांना वाकावं लागलं. वाकून जमेना, म्हणून जमिनीवर बसावं लागलं. आता तरी या माणसाला काही उमगेल म्हणून मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. ते फळीच्या कडेकडे एक डोळा मिटून पाहत होते.

"पानसळीत हाय," ते म्हणाले.

त्या वर्षात काकूंना गोळ्या लागल्या, पण पूर्वीएवढ्या नाही. पालथ्या डब्यावर चढणं संपलं. होळी आली, रब्बी मांडणी झाली. वरच्या फळ्या हलल्या, खालची हलली नाही. ओसरीतल्या नव्या फळीवर साहेबांनी रेडिओ ठेवला. मला मात्र पुढच्या दसऱ्याची धास्ती होती. देव धाकट्या भावाकडे जाणार, फळी मोकळी होणार, आणि हा माणूस त्याच संध्याकाळी ती रेघेवर चढवणार. काकूही हे जाणून होत्या. दसरा जवळ आला तेव्हा मी त्यांना गोठ्यातली जुनी गाडगी शोधताना पाहिलं.

देव गेले. साहेब स्वयंपाकघरात गेले. मी माझ्या खोलीत उभी राहून ब्रॅकेटच्या आवाजाची वाट पाहत होते. आवाज आला नाही. बोलण्याचा आला. शेजारचे गुरुजी देवांना निरोप द्यायला आले होते. साहेब त्यांना समजावत होते.

"गुरुजी, हे तिसरी मांडनी. बसकी मांडनी. सयपाक बसून होते का नाही? मंग फळी बसक्या हाताले पाह्यजे. लोकाईच्या ध्यानातच नाही येत. वरसभर परीक्षा घेऊन हे म्या काढलं."

मी दारापर्यंत गेले. साहेब काकूंच्या पाटावर बसले होते, लांब पाय कसेबसे मुडपून, आणि हात फिरवून दाखवत होते. "हे पाहा मीठ. हे पाहा हळद. उठाचं कामच नाही." गुरुजी वा वा करत होते.

त्या दिवसानंतर तो कार्यक्रमच झाला. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला आत नेऊन बसकी मांडणी दाखवायची. गावातल्या दोन-तीन घरांत जाऊन त्यांनी तशा फळ्या लावूनही दिल्या आणि तिथल्या बायांनी त्यांना चहा पाजला. त्यांची जुनी रेघ भिंतीवर होतीच, ती कुणाची म्हणून एका पाहुण्याने विचारलं तर म्हणाले, "जुन्या लोकाईची चूक." हा माणूस ओशाळायला तयार नव्हता, आणि शिकायलाही नव्हता. जी गोष्ट त्याने दोन-तीन वर्षं एका दुखऱ्या बाईला दिली नाही, तीच आता तो गावभर वाटत फिरत होता आणि स्वतःचं नाव सांगत होता.

माझ्याने राहवेना. एका संध्याकाळी काकू चुलीपाशी लाखोरीच्या डाळीला फोडणी देत होत्या. मी उंबऱ्यावर बसले आणि सगळं बोलून टाकलं. की हे तुमचं आहे, यांनी तुम्हाला पाडलं आणि आता मिरवतात, तुम्ही एकदा तरी चारचौघांत सांगून टाका.

काकूंनी न पाहता हात वर केला, मिठाचा डबा काढला, चिमूट टाकली, डबा जागेवर ठेवला.

"मिरवू द्या जी त्याईले," त्या म्हणाल्या. "मी खरं बोललो तं फळी उद्याच वर जाईन."